मागच्या वर्षीचं माप

परवा जुना अल्बम चाळताना नातीने विचारलं, "आजी, या मुलाच्या पायाला काय बांधलंय?" म्हटलं, "कॅलिपर." तिला तो शब्दच माहीत नव्हता. खरं सांगते, बरं वाटलं! नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या वेळी मात्र शाळेच्या व्हरांड्यात तो खट्‌-खट्‌ आवाज ओळखीचा होता.

कॅलिपर दुकानात तयार मिळत नसे. मुलाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घेत, मांडी-पोटरीचे घेर मोजत. मग दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडी आणि खाली बूट. उभं राहिलं की कडी खाली सरकवायची, बसताना वर उचलायची. मूल वाढणारच, म्हणून काही कारागीर पट्ट्यांना जादा भोकं ठेवत.

पण माप नुसतं पायाचं असतं का? आपण घरात, देवळात चप्पल बाहेर काढणारी माणसं. बुटात अडकलेल्या पायाने स्वयंपाकघरात जायचं कसं? मांडी घालायची कशी? हाच प्रश्न कृत्रिम पायांबाबत जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातल्या डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मनावर घेतला. तेव्हाचा परदेशी पद्धतीचा पाय बुटातच घालावा लागे. १९६८ च्या सुमारास त्यांनी रबराचा असा पाय घडवला की अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, शेतातल्या चिखलात उतरता येईल. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव मात्र फार थोड्यांच्या कानावर पडलं. मोजणारे आणि घडवणारे हात नेहमी असेच मागे राहतात.

आता फोटोतल्या त्या मुलाबद्दल. १९७८ साल, माझा सहावीचा वर्ग. फोटो काढला तेव्हा तो ऐटीत उभा होता. पुढच्या वर्षी कॅलिपर न लावताच, गुडघ्यावर हात दाबत येऊ लागला. मी सगळ्या वर्गासमोर त्याला बोलले, "एवढ्या खटपटीने मिळालेली वस्तू घरात टाकून येतोस? लाज नाही वाटत?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, तो मागच्या वर्षीच्या मापाचा आहे."

पट्ट्यांची सगळी भोकं संपली होती. लावला की मांडीत रुतायचा. नव्यासाठी शहरात जायचं तर वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडणार होती. मी त्याची इंग्रजीची वही दर आठवड्याला तपासत होते, पाय एकदाही पाहिला नव्हता.

पुढे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, नवा कॅलिपर झाला. पण वर्गासमोर बोललेलं परत घेता आलं नाही.

असो. आजही कुठे मुलांना खुर्च्या, कुबड्या वाटल्याचे फोटो पाहिले की मनात एकच येतं : पुढच्या वर्षी माप घ्यायला कोण जाणार?