बिछायत केंद्रातला मार्शल

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं बिछायत केंद्र आहे. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: मंडप, खुर्च्या, गाद्या, भांडी आणि लाऊडस्पीकर भाड्याने देणारं दुकान.) आजोबांनी ते काढलं, बाबांनी चालवलं. मी अमरावतीला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आलो, त्यामुळे त्याच्या पुढच्या मालकाबद्दल घरात कुणी बोलत नाही.

गेल्या दिवाळीत गोडाऊन आवरताना सतरंज्यांच्या ढिगाखाली एक लोखंडी पेटी निघाली. वर हँडल, समोर चार नॉब, कंपनीची पाटी कधीच गळून पडलेली. आजोबांचा पहिला अँप्लिफायर. बाबा म्हणाले, "भंगारात दे. तांबं निघन त्याच्यातून, बाकी काई नाई."

मी झाकण उघडलं. आत काचेचे व्हॉल्व्ह होते: मोठे दोन ईएल ३४, मागे छोटे तीन ईसीसी ८३. छोट्यांपैकी एकावर बेलचा, म्हणजे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का. मी उलटी पेटी मांडीवर घेऊन पेन्सिलने सर्किट कागदावर उतरवायला लागलो आणि अर्ध्यावरच थांबलो, कारण हे सर्किट मी पाहिलेलं होतं. कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचो तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत आम्ही ज्या मार्शलच्या आकृत्या डाउनलोड करून उसासे टाकायचो, त्यांच्याशी हे जवळजवळ जुळत होतं. तो अँप तेव्हा आम्हाला जन्मात परवडणारा नव्हता. आणि त्याचा भाऊबंद आमच्याच गोडाऊनमध्ये गाद्यांखाली पडून होता!

यात चमत्कार काही नाही. कॅलिफोर्नियातला लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने पन्नासच्या दशकात बासमन नावाचा अँप काढला तो व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतल्या सर्किटांच्या वळणावरच. लंडनमध्ये ड्रम शिकवणाऱ्या आणि वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या माणसांनी १९६२च्या सुमारास तोच बासमन समोर ठेवून, इंग्लंडात सहज मिळतील ते भाग वापरून जेटीएम ४५ तयार केला. काही वर्षांत त्यात ईएल ३४ आले. मार्शल याच घराण्यातले अँप गायकांसाठीही विकत असे. आपल्याकडे सभा-समारंभाचे अँप बनवणाऱ्यांसमोरही तीच पुस्तकं होती आणि तेच व्हॉल्व्ह. वऱ्हाडात भोंगा म्हटलं की अहुजा. दिल्लीच्या या कंपनीची सुरुवात १९४०ची, फेंडरच्या गिटारांच्या आधीची. रॉक संगीताचा आवाज आणि आमच्या हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाचा आवाज एकाच आजीची नातवंडं आहेत.

फरक होता तो कामाचा. भोंग्याच्या अँपकडून वऱ्हाडाला शब्द हवे होते. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले, दोघांपुढेही अफाट गर्दी. गाडगेबाबांच्या १९५६च्या नोव्हेंबरातल्या, मुंबईत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आज कुणालाही ऐकता येतं. ते लोकांना प्रश्न विचारतात आणि लोक उत्तरं देतात. या प्रकारात शेवटच्या रांगेतल्या माणसाला प्रश्न नीट कळलाच पाहिजे. ॲल्युमिनियमचा भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं काही नीट देत नाही आणि वरचंही फार देत नाही, पण माणसाचं बोलणं समजायला लागतं ते बरोबर मधल्या पट्ट्यात असतं. शिवाय तो एका वॉटला, एक मीटरवर, १०५ डेसिबलच्या आसपास आवाज काढतो. चाळीस वॉटमध्ये शेजारच्या गावाला आमंत्रण जायचं.

गिटारवाल्यांना मात्र अँपची चूक हवी होती. बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅकने १९२७मध्ये निगेटिव्ह फीडबॅक शोधला तो आवाजातली विकृती घालवण्यासाठी. पुढची तीस वर्षं इंजिनिअर ती घालवत राहिले आणि साठच्या दशकातल्या पोरांनी नॉब पूर्ण फिरवून ती परत आणली. व्हॉल्व्हला झेपेना इतका सिग्नल दिला की लाटेचे शेंडे गोलसर चेपले जातात, त्यालाच आपण 'वॉर्म' म्हणतो. (व्हॉल्व्ह म्हणजे सम हार्मोनिक्स म्हणून गोड, असं फोरमवर छातीठोकपणे सांगतात. पुश-पुल आउटपुटमध्ये सम हार्मोनिक्स बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. असो.)

आमच्या पेटीचं माइकचं इनपुट जुन्या क्रिस्टल माइकसाठी होतं, म्हणजे मोठ्या इम्पीडन्सचं. गिटारला नेमकं तेच लागतं. सिरीज बल्ब लावून, एक हात खिशात ठेवून (आत चारशे व्होल्ट असतात, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं) मी ती हळूहळू चालू केली. व्हॉल्व्ह लाल झाले. बारा इंची स्पीकर जोडून मी एक कॉर्ड वाजवला आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. एवढंच सांगतो, की तो आवाज मी दहा वर्षं कॉम्प्युटरमध्ये शोधत होतो.

कॉम्प्युटरमध्ये म्हणजे खरंच कॉम्प्युटरमध्ये. आजचा गिटार अँप हा बहुतेक वेळा एक प्रोग्रॅम असतो. १९९८मध्ये लाइन सिक्सचा लाल, भाकरीएवढा पॉड आला तेव्हापासून जुन्या अँपांची गणिती नक्कल घराघरांत पोचली. आता न्यूरल अँप मॉडेलर नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. अँपमधून तीनेक मिनिटांचा ठरावीक सिग्नल जाऊ द्यायचा, बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करायचं आणि आत गेलेलं-बाहेर आलेलं यातलं नातं न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. माझं पोट असल्याच कामांवर चालतं. एका रात्रीत आजोबांच्या पेटीचं मॉडेल तयार झालं, काही शे किलोबाइटची फाइल.

मग तुलना. एकीकडे पेटी, दुसरीकडे लॅपटॉप आणि बाबांच्या डीजे सेटमधला एक क्लास डी अँप. स्पीकर एकच, मध्ये स्विच. व्हॉल्व्ह अँप बिनस्पीकरचा चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून स्पीकर सुटला की पेटीवर रेझिस्टर लागेल अशी सोय केली. बहिणीने स्विच फिरवायचा, मी पाठ करून ओळखायचं. दहापैकी सहा बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

बाबांना बसवलं ते गंमत म्हणून. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख मी पाहिलाय: ५००च्या खाली बरी असलेली रेघ चार हजार हर्ट्झपाशी दरीत कोसळते. आधी तीस वर्षं भोंग्याच्या बाजूला उभं राहून माइक टेस्टिंग, मग शेवटची काही वर्षं ट्रॉलीवरचा डीजे. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, असं सुरक्षिततेचं गणित सांगतं. वरातीतल्या टॉपसमोर ते काही मिनिटांत संपतं. लाऊडस्पीकरचे २०००चे नियम, रात्री दहाची मर्यादा हे सगळं बाबांना पाठ आहे, कारण परवानगीचे अर्ज तेच भरायचे. ते नियम झोपणाऱ्यांसाठी होते. वाजवणाऱ्याच्या कानांचा रकाना त्या अर्जात नव्हता आणि मीही कधी विचारलं नाही. त्याच डीजेच्या पैशावर माझं हॉस्टेल चाललं.

बाबांनी दहापैकी दहा ओळखले.

मी वायरी तपासल्या. बहिणीला दुसऱ्या खोलीत बसवलं. पुन्हा दहापैकी दहा.

"कसं काय?"

"हमिंग," बाबा म्हणाले. "तू वाजवाच्या आंधीच समजते. ह्या दुसऱ्याले हमिंगच नाई. मले त वाटे लाइनच गेली."

पन्नास हर्ट्झच्या विजेचं डीसी करताना शंभर हर्ट्झची घरघर उरते आणि वाळलेले कपॅसिटर ती पूर्ण गाळू शकत नाहीत. मी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. मॉडेलमध्ये ती येणं शक्यच नव्हतं. नेटवर्क शिकतं ते गिटारच्या सिग्नलचं काय झालं हे. जो आवाज सिग्नल नसतानाही चालू असतो त्याला ते गोंगाट समजून सोडून देतं. आणि बाबांच्या कानांत जे शाबूत उरलंय ते नेमकं तिथे, खाली, शंभर हर्ट्झपाशी.

मग ते बोलत राहिले. खेड्यात संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज दोनशे तीसवरून एकशे सत्तरवर यायचं, व्हॉल्व्ह मंद व्हायचे, आवाज जाड आणि आळशी व्हायचा. आजोबा हमिंगवरून व्होल्टेज सांगायचे. कीर्तनकार बुवांना खूण करायचे, दमानं घ्या. गिटारवाले ज्याला 'सॅग' म्हणून पैसे मोजतात, तो इथे कृषिपंपांच्या वेळापत्रकाने फुकट मिळायचा. माझ्या मॉडेलची स्मृती सेकंदाच्या एका लहान तुकड्याएवढी. तासाभरात उतरत गेलेली अख्ख्या गावाची वीज त्यात मावणार नाही.

कपॅसिटर मात्र बदलावे लागणार होते. दोन फुगले होते, एकाच्या बुडातून पाणी सुटलं होतं. तसं चालवणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणं, किंवा घर. तरी मी दोन दिवस टाळलं. व्हॉल्व्हसुद्धा आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधूनच येतात. २०२२मध्ये रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली तेव्हा भाव कुठल्या कुठे गेले होते. ईएल ३४ची एक जोडी मागवून ठेवली.

पाडव्याच्या दुपारी नवे कपॅसिटर सोल्डर केले. जुने बिस्किटाच्या डब्यात ठेवले, का ते विचारू नका. पेटी बंद करून बाबांना बोलावलं. त्यांनी स्वतः स्विच टाकला, व्हॉल्व्ह तापायला लागतं तेवढं थांबले, स्पीकरजवळ कान नेला. मग माझ्याकडे पाहिलं.

"चालू हाये का हा?"