धर्मवार मांडलेला खेळ

मुंबईच्या क्रिकेटमध्ये एके काळी खेळाडूचा संघ त्याच्या धर्मावरून ठरत असे. १९१२ साली युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान यांचे चौरंगी सामने सुरू झाले. १९३७ साली ‘शेष’ हा पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. भारतीय ख्रिस्ती या ‘शेषां’त मोडत. त्याच वर्षी नव्या ब्रेबर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने अंग काढून घेतले.

संघाच्या आतही समता नव्हती. अस्पृश्य गणलेले पळवणकर बाळू हिंदूंचे श्रेष्ठ गोलंदाज. परंतु कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

या सामन्यांनी खिलाडूपणा वाढतो, असे समर्थक म्हणत. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी जातीय तत्त्वावरील सामन्यांना स्पष्ट विरोध दर्शविला. तरीही सामने चालू राहिले. १९४३ च्या अंतिम सामन्यात सांगलीच्या ख्रिस्ती कुटुंबातील विजय हजारे यांनी ‘शेष’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. अखेर १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा बंद झाली.

पुढे हजारे भारताचे कर्णधार झाले. ‘शेष’ ही ओळख गळून पडली. १९७० व १९८४ च्या दंगली सोसलेल्या आपल्या भिवंडीला याचे मोल सांगावे लागू नये. स्पर्धा भरविणाऱ्याने पाहुण्यांच्या सोयीआधी एक गोष्ट पाहावी: आपल्या मांडणीत कोणी माणूस ‘उरलेला’ तर ठरत नाही ना?