देवळालीचा ताप

इंग्रजी भाषेत 'डुलॅली' असा एक शब्द आहे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, तो भ्रमिष्टासारखा वागतो आहे, असे थट्टेने सांगावयाचे असले म्हणजे इंग्लंडातील सामान्य मनुष्य हा शब्द योजतो. तो योजणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, हे मुळात एका गावाचे नाव आहे, आणि ते गाव म्हणजे मुंबईहून निघालेल्या आगगाडीला नाशिक रोडच्या अगोदर लागणारे देवळाली होय. गोऱ्या शिपायांच्या तोंडी हा शब्दप्रयोग प्रथम 'डुलॅली टॅप' असा जोडीने होता. त्यातील 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानी बोलीतील 'तप', अर्थात आपल्या 'ताप' या शब्दाचा सख्खा सोयरा. देवळालीचा ताप! इंग्रजीच्या शब्दकोशात नाशिक जिल्ह्याने घातलेली ही भर गमतीची वाटते खरी. परंतु तिच्यामागचा इतिहास पाहिला म्हणजे हसू मावळते. आधुनिक मानसशास्त्राने पुढे दूरदूरच्या देशांत जे सिद्ध केले, त्याचा एक धडा या छावणीच्या बराकींत पूर्वीच घडून गेला होता.

देवळालीची छावणी 1861 साली वसली. हवा घाटमाथ्यावरची, आणि मुंबईचे बंदर रेल्वेच्या टप्प्यात. म्हणून विलायतेहून येणाऱ्या व विलायतेस परतणाऱ्या फौजांना उतरण्याचा मुक्काम या नात्याने सरकारने ही जागा निवडली. त्या काळी फौजांची ने-आण वर्षभर चालत नसे. ऐन उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून शिपायांनी भरलेले जहाज नेणे धोक्याचे मानीत. यास्तव थंडीचा मोसम सुरू झाल्यापासून मार्च महिन्यापर्यंतच ही वाहतूक होई. 1866 च्या सुमारास 'क्रोकोडाइल', 'युफ्रेटिस', 'जमना', 'मलबार' व 'सेरापिस' ही पाच मोठी जहाजे या कामासाठी मुद्दाम बांधण्यात आली, आणि 1869 साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा मार्ग पुष्कळच जवळचा झाला. पण मोसमाचा नियम तोच राहिला.

आता ज्या शिपायाची नोकरीची मुदत भरली, त्याची स्थिती पाहावी. त्याला त्याच्या पलटणीतून काढून देवळालीस धाडीत. जुने सोबती मागे राहिले, नेमून दिलेले काम संपले, जुना अधिकारी उरला नाही. आणि जहाज केव्हा मिळेल याचा पत्ता नाही. मोसमाचे शेवटचे जहाज निघून गेल्यावर जो तेथे पोहोचला त्याला पुढील हिवाळ्यापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, बसून राहणे प्राप्त होते. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने हिंदुस्थानातील आपल्या नोकरीच्या आठवणी 1936 साली प्रसिद्ध केल्या. तो सांगतो की, ज्यांची आजवरची चालचलणूक निष्कलंक होती असेही लोक या रिकाम्या महिन्यांत बिघडत. कोणी दारूच्या व बाहेरख्यालीच्या नादाने इस्पितळात जाई, कोणी शिस्तभंग करून तुरुंगाची वाट धरी, तर कोणी चमत्कारिक वागू लागे. अशा मनुष्याकडे बोट दाखवून सोबती म्हणत, याला देवळालीचा ताप चढला.

या विकृतीचे कारण काय? त्या काळच्या गोऱ्या समाजाचे उत्तर तयार होते: ऊन. उष्ण कटिबंधातील सूर्यकिरण गोऱ्या मनुष्याच्या मेंदूला व मज्जातंतूंना बाधतात, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तर तिला वैद्यकीय नावही मिळाले होते, आणि डोक्यावरची ती सुप्रसिद्ध सोला टोपी हा त्याच समजुतीचा अलंकार होता. परंतु देवळालीपुरते पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. ज्या हवेने शिपायाचे डोके फिरते असे सांगत, त्याच हवेसाठी मुंबईचे पारशी व गुजराती लोक आजारातून उठल्यावर देवळालीस येऊन राहत. तेथील आरोग्यभुवनांची परंपरा त्यातूनच निर्माण झाली. एकाच गावाची हवा एकाला शक्ती देते आणि दुसऱ्याची बुद्धी हरण करते, हे संभवनीय नव्हे. हिवताप, दारू आणि गुप्तरोग यांचा वाटा या दुखण्यात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि हे उपद्रव हिंदुस्थानातील इतर छावण्यांतही होते. त्यांपैकी एकीचेही नाव वेडाला पडले नाही. देवळालीत विशेष होते ते एवढेच, की तेथे माणसे वाट पाहत होती.

घरापासून दूर पडलेल्या शिपायाचे मन आजारी पडते, ही गोष्ट युरोपातील वैद्यांना नवीन नव्हती. 1688 साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घराच्या ध्यासाने होणाऱ्या अशा दुखण्याचे वर्णन करून त्यासाठी 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द बनविला होता. परंतु रिकामपण व अनिश्चितता यांचा मनावर नेमका काय परिणाम होतो, हे पद्धतशीर तपासण्याचे काम विसाव्या शतकात झाले.

त्यातील पहिला मोठा प्रयत्न ऑस्ट्रियातील. व्हिएन्नाजवळ मारिएनटाल हे सूतगिरणीवर जगणारे खेडे होते. जागतिक मंदीच्या लाटेत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तेथील 478 कुटुंबांचा अभ्यास करून 1933 साली तो प्रसिद्ध केला. सर्वसामान्य तर्क असा, की माणसाला मोकळा वेळ मिळाला तर तो अधिक वाचील, अधिक मिसळेल, रेंगाळलेली कामे पुरी करील. घडले ते उलट. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्यावरून जाणारे पुरुष हळू चालू लागले, वारंवार थांबू लागले. सकाळपासून दुपारपर्यंत काय केले, असे विचारले असता पुष्कळांना सांगता येईना. स्त्रियांची चाल मात्र तितकी मंदावली नाही, कारण चूल व मुलेबाळे यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. पुढे 1982 साली याहोडाबाईंनी या अनुभवाचे सार सांगितले. नोकरी वेतनाखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सामायिक उद्दिष्टातील वाटा, समाजातील स्थान आणि नित्याचा उद्योग. देवळालीच्या शिपायाला भत्ता व भाकरी मिळत होती. या पाच गोष्टींपैकी बहुतेक गेल्या होत्या.

दुसरे अंग अनिश्चिततेचे. व्हिएन्नाचे मानसरोगतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी नाझींच्या छळछावण्यांतून सुटून आल्यावर 1946 साली आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. बंदिवासाचा शेवट केव्हा होणार हे ठाऊक नसणे, हीच मनाला सर्वांत अधिक खचविणारी गोष्ट असल्याचे त्यांनी नमूद केले. कारण ज्याला आपल्या तात्पुरत्या अवस्थेचा अंत दिसत नाही, त्याला पुढील ध्येय धरून जगता येत नाही. बेकाराची मनःस्थिती याच जातीची असते, हेही त्यांनी सांगितले. पुढे लंडनच्या संशोधकांनी 2016 साली या विचाराला प्रयोगाची जोड दिली. संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवीत आणि त्याखाली साप आहे की नाही हे ओळखावयास सांगत; साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका खात्रीने बसणार हे ठाऊक असताना मनावर जेवढा ताण आढळला, त्याहून अधिक ताण बसेल की न बसेल याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आढळला. निश्चित दुःखापेक्षा टांगणी वाईट, हे आपल्याकडील कोणीही वडीलधारी बाई सांगू शकेल. येथे ते घामावरून व डोळ्यांच्या बाहुल्यांवरून मोजले गेले.

तिसरे अंग निव्वळ रिकामपणाचे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात विद्यार्थ्यांना दररोज 20 डॉलर देऊन, डोळ्यांवर धूसर आवरण व हातांना मोजे घालून, नुसते पडून राहावयास सांगितले. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तान्तानुसार पैशाचा लोभ असूनही बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसले नाही. कित्येकांना नसलेली दृश्ये दिसू लागली. 2014 साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना केवळ 15 मिनिटे एकटे, आपल्या विचारांसह बसविले. जवळ एक कळ होती. ती दाबली तर विजेचा झटका बसे. हाच झटका टाळण्यासाठी आपण पैसे मोजू, असे ज्यांनी अगोदर सांगितले होते, त्यांच्यापैकी 18 पुरुषांतील 12 जणांनी व 24 स्त्रियांतील 6 जणींनी ती कळ स्वतः होऊन दाबली. रिकामे मन सैतानाचे घर, ही म्हण आपण आळशाला ऐकवितो. प्रयोगांतली माणसे आळशी नव्हती. त्यांना रिकामे बसविण्यात आले होते.

यावर असा आक्षेप निघेल, की कणखर मनाच्या माणसाला हे सारे बाधत नाही. त्याचा विचार करण्यास देवळालीपासून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या नाशिक रोडचे मध्यवर्ती कारागृह पुरेसे आहे. 1932-33 च्या सुमारास सविनय कायदेभंगातील अनेक सत्याग्रही तेथे होते. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता यांच्या ज्या चर्चा त्या भिंतींआड झाल्या, त्यांतून 1934 सालच्या काँग्रेस समाजवादी पक्षाचे बीज रुजले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली, आणि ती गुरुजींनी उतरून घेतली.

एकाच परिसरात एक मोकळा शिपाई भ्रमिष्ट होतो आणि एक कैदी ग्रंथ लिहितो, हा विरोध मनाच्या बळाने सहज उलगडतो असे वाटेल. परंतु सत्याग्रह्यांपाशी काय होते तेही मोजले पाहिजे. त्यांच्यापाशी एका विचाराचे सोबती होते, येथे का आलो याचे उत्तर होते, बाहेर आपली कोणी वाट पाहत आहे ही जाणीव होती, आणि धुळ्याला तर आठवड्याला वळण देणारा एक रविवार होता. याहोडाबाईंच्या यादीतील बहुतेक गोष्टी त्यांनी गजांआड उभ्या केल्या होत्या. तुरुंगाने माणसे घडविली, असे यावरून कोणी म्हणू नये; त्याच तुरुंगांनी अनेकांना कायमचे मोडलेही आहे. आणि मनाचे बळ ही अक्षय्य ठेव नव्हे. ज्यांच्या लेखणीने महाराष्ट्राला घरोघरी रडविले व सावरले, त्या साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच्या हाताने संपविली. त्यांना दुबळे म्हणण्याचे धाष्टर्य कोण करील?

वाट पाहण्याच्या तापाला एकदा राजकीय वाचाही फुटली. दुसरे महायुद्ध संपले तरी घरी जाण्यास जहाजे मिळेनात, तेव्हा जानेवारी 1946 मध्ये कराचीपासून आरंभ होऊन ब्रिटिश वायुदलाच्या हजारो गोऱ्या सैनिकांनी हिंदुस्थानातील व बाहेरील अनेक तळांवर काम बंद ठेवले. काहींवर लष्करी खटले झाले. पण या वेळी त्यांना उन्हाने वेड लागले, असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती. एकेकटा शिपाई बिघडला की दोष त्याच्या डोक्याला देता येतो. हजारो माणसे एकाच गोष्टीसाठी उभी राहिली की वेळापत्रकाकडे पाहावे लागते.

आज देवळालीत तोफखान्याचे शिक्षण देणारी लष्करी संस्था आहे. जहाजाची वाट पाहणारा शिपाई तेथे उरलेला नाही. वाट पाहणे मात्र शहरातील प्रत्येक घरात शिरले आहे. स्पर्धापरीक्षा देऊन निकालाची, निकाल लागल्यावर नेमणुकीची वाट पाहणारा मुलगा. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर बाकावर बसलेली पत्नी. पैसे भरून वर्षे लोटली तरी घराचा ताबा न मिळालेले कुटुंब. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार घालून निरोप दिलेला कारकून, ज्याच्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळला आकारच राहिलेला नाही. त्यांच्या चिडचिडीला, निद्रानाशाला, अबोल्याला आपण स्वभाव म्हणतो. पुष्कळदा तो देवळालीचा ताप असतो.

त्यावरील उतारा फार खर्चाचा नाही. तारीख ठाऊक असेल तर ती सांगावी. ठाऊक नसेल तर पुन्हा केव्हा कळविणार ते तरी सांगावे. रुग्णालयातील परिचारिकेने तासाभराने बाहेर येऊन उच्चारलेले एक वाक्य बाकावरच्या माणसाला पुष्कळ काही देऊन जाते. घरातील निवृत्त मनुष्याला विश्रांतीचा आग्रह करण्याऐवजी ज्याची घराला खरोखर गरज आहे असे एखादे काम सोपवावे. निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाला उपदेश कमी करावा आणि त्याच्या दिवसाला सोबत द्यावी.

गोऱ्या शिपायांनी आपल्याकडून 'ताप' हा शब्द घेतला, पण त्याचा ज्वर एवढाच अर्थ नेला. मराठीत त्याचा दुसराही अर्थ आहे, आणि त्याचे क्रियापद निराळे आहे. ज्वर या अर्थी ताप येतो. त्रास या अर्थी ताप दिला जातो, आणि दिला म्हटले की देणारा कोणीतरी असतो. त्या बराकींतून बसून राहिलेल्या माणसांना तो कोणी दिला, हे इंग्रजी शब्दात कोठेच नोंदलेले नाही. त्यात फक्त ज्याला तो चढला त्याची थट्टा तेवढी उरली आहे.