उत्तरायुष्याचा वसा : मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे

नोकरी संपली, मुलेबाळे मार्गी लागली, आता पुढे काय, हा प्रश्न आज आपल्या ज्ञातीतील घरोघरी उभा आहे. आयुर्मान वाढले, वाढलेल्या वर्षांना काम मात्र सापडत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर मिरजेच्याच इतिहासात आहे, असे आम्हांस वाटते.

वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म १८५८ साली गुहागर येथे झाला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवून त्यांनी प्रपंच केला, काव्य व नाटके लिहिली आणि १८९२ साली नाना फडणविसांचे चरित्र प्रसिद्ध केले. एवढ्यावर ते थांबते, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु १८९७ साली, चाळिशी जवळ आली असता, त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' हाती घेतला.

पटवर्धन सरदारांच्या दप्तरांत मोडी पत्रांचे रुमाल पडून होते. मोहिमांवरून धाडलेल्या या पत्रांत लढाया होत्या, तसे पैशाचे तगादे आणि दरबारची खलबतेही होती. जुन्या पत्रांवर तिथी असे, साल पुष्कळदा नसे. ते मजकुरावरून ताडावे लागे. पत्रे निवडणे, मोडीचे बाळबोध करणे, कालक्रम लावणे, असे हे नजर आणि धीर यांची कसोटी पाहणारे काम होते. पानिपतानंतरच्या मराठी राज्यकारभाराचा अभ्यास या संग्रहावाचून होऊ शकत नाही.

तारुण्यातील शास्त्रीबोवा स्वतःच्या प्रतिभेने बोलत होते. उत्तरायुष्यात त्यांनी इतरांच्या पत्रांना बोलते केले. परिपक्वता म्हणतात ती हीच. त्यांची लेखणीही आटली नाही. 'शिवसंभव' नाटक आले तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. १९२४ च्या जूनमध्ये मिरजेस ते वारले, तोवर संग्रहाचे बारा खंड झाले होते. पुढील काम त्यांच्या चिरंजीवांनी चालविले.

यातून आम्ही एवढेच घेतो, की उतारवयातील कार्य निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दारी चालत येत नाही. शास्त्रीबोवांनी ते नोकरी चालू असतानाच आरंभिले, म्हणून ते अखेरपर्यंत पुरले.

आपल्याही कित्येक घरांत माळ्यावर मोडी कागद, सनदा, जमाखर्चाच्या वह्या पडून आहेत. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत, आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही. आपल्यातील निवृत्त वडीलधाऱ्यांनी मोडी शिकून घरचे एक दप्तर जरी लावले, तरी नातवंडांना वडिलार्जित इस्टेटीहून मोठा ठेवा मिळेल, आणि सकाळी उठून करावयास एक कामही.