डिजिटल वारसा

डिजिटल वारसा म्हणजे व्यक्तीच्या मृत्यूनंतर मागे राहिलेले मोबाइल, संगणक, त्यांतील छायाचित्रे व कागदपत्रे, तसेच ईमेल, समाजमाध्यमे आणि बँकिंगची ऑनलाइन खाती. उपकरण ही जंगम मालमत्ता असल्याने ते वारसांकडे जाते; खाते मात्र कंपनी व खातेदार यांच्यातील कराराने बांधलेले असते. त्यामुळे फोन वारसाच्या मालकीचा झाला, तरी त्यातील मजकूर त्याला मिळेलच असे नाही.

वारसा सिद्ध करणे

सातारा व सांगली जिल्ह्यांत शेतजमिनीच्या वारस नोंदीची पद्धत रुळलेली आहे. तलाठ्याकडे मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज केल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात. डिजिटल खात्यांसाठी अशी एकत्रित शासकीय नोंद नाही. प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

मृत्यूची नोंद जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यू झालेल्या ठिकाणी होते. खानापूर, आटपाडी परिसरातील अनेक जण सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त परराज्यांत राहतात. तेथे मृत्यू झाल्यास दाखला तेथूनच घ्यावा लागतो. वाद असल्यास किंवा संस्थेने मागणी केल्यास दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखला, अथवा ठेवी व रोख्यांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र घेतले जाते.

हयातीतील तरतूद

गूगलच्या निष्क्रिय खाते व्यवस्थापकात ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून कमाल १० व्यक्ती नेमता येतात. ही सुविधा २०१३ पासून आहे. ॲपलने २०२१ मध्ये वारस-संपर्काची सोय दिली. नेमलेल्या व्यक्तीला प्रवेश-संकेत व मृत्यूचा दाखला सादर करावा लागतो. साठवलेले पासवर्ड मात्र तिला मिळत नाहीत. फेसबुकवर नेमलेली व्यक्ती स्मृतिखाते सांभाळू शकते, पण खासगी संदेश वाचू शकत नाही. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १४ मध्येही नामनिर्देशनाच्या हक्काची तरतूद आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मृत्युपत्राला लागू होत नाही. त्यामुळे केवळ मोबाइलमध्ये टंकलेली इच्छा मृत्युपत्र ठरत नाही. सर्वसाधारणपणे स्वाक्षरी व दोन साक्षीदार आवश्यक असतात.

नामनिर्देशन व मालकी

नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरतेच असे नाही. ‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय दिला की, कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनामुळे समभागांबाबत वारसा कायदा बाजूला सारला जात नाही. मृत्युपत्र किंवा वारसा कायद्यानुसार ठरणाऱ्या वारसांचा हक्क कायम राहतो.

मृत्यूनंतरची दक्षता

बँक व अन्य सेवांचे ओटीपी मृताच्या सिमकार्डावर येत असल्याने ते तत्काळ बंद केल्यास पुढील कामे अडू शकतात. प्रीपेड क्रमांक ९० दिवस न वापरल्यास बंद होऊ शकतो. आयफोनचे विसरलेले वा अज्ञात कुलूप ॲपलकडून काढून घेतल्यास त्यातील माहिती पुसली जाते. मृताच्या यूपीआय पिनने रक्कम काढणे इतर वारसांच्या हक्काला बाधक ठरू शकते. त्याऐवजी बँकेला मृत्यू कळवून रीतसर दावा दाखल करावा लागतो.