जालन्याचं बेथेल : दुष्काळ, भाकरी आणि श्रद्धा

'जालना सोने का पालना' ही म्हण इथे बसलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. बाजारपेठ मोठी, व्यापारी मातब्बर, इंग्रजांच्या काळात छावणीची वर्दळ. पण पाळणा सोन्याचा असला तरी त्यात सगळ्यांची लेकरं झोपत नव्हती. गावकुसाबाहेरच्या माणसांना या पाळण्याची दोरी तेवढी वळून द्यायची होती. आज आपण त्या माणसांबद्दल बोलणार आहोत. त्यांच्यातल्या काहींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्माचा आधार घेतला आणि अत्यंत वाईट दिवस काढले. हे त्यांनी कसं केलं, त्या आधाराने त्यांना काय दिलं आणि काय दिलं नाही, एवढाच आजचा विषय आहे.

आधी दुष्काळ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपण म्हणतो, पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ पडला. पण सगळे एकाच वेळी उपाशी पडत नाहीत. ज्याच्या पेवात ज्वारी आहे तो पहिलं वर्ष काढतो. ज्याच्याकडे विकायला सोनं आहे तो दुसरंही काढतो. मांग समाजाचा माणूस दोर वळायचा, केरसुण्या बांधायचा, लग्नकार्यात हलगी वाजवायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागायचा. आता खळंच झालं नाही तर वाटा कुठला? लग्नं थांबली की हलगी थांबली. मोट बंद पडली की दोर कोण घेणार? म्हणजे पाऊस गेला की पहिल्या महिन्यातच याची चूल विझते. शिवाय गावच्या विहिरीवर याला पाणी भरता येत नाही. पाणी आटलं की ज्यांना आधीच लांब उभं केलेलं आहे ते आणखी लांब जातात.

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर असाच दुष्काळ आला. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा आणि निजामाचं राज्य, सगळीकडे. मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. जालन्याला तेव्हा रेल्वे नव्हती, ती शतक संपताना आली. धान्य यायचं ते बैलगाडीने, नाहीतर बैलांच्या पाठीवर. आणि दुष्काळात आधी बैलच मरतात. बाहेर कुठे धान्य असलं तरी ते इथपर्यंत पोचवायचं कसं, हा प्रश्न होता.

या वेळी जालन्याजवळ एक वेगळीच वस्ती उभी होती. तिचं नाव बेथेल. ती उभी करणारा माणूस होता नारायण शेषाद्री.

हे नाव ऐकून तुमच्यातल्या काहींना श्रीपत शेषाद्रीची आठवण झाली असेल. बरोबर आहे, हे दोघे सख्खे भाऊ. १८४३ साली मुंबईत नारायणने स्कॉटिश मिशनकडे बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला, की मिशनऱ्यांकडे राहून जेवून आलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, त्याच्या प्रायश्चित्ताची व्यवस्था केली, आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत श्रीपतची गोष्ट इथे संपते. नारायणचं पुढे काय झालं हे सहसा कोणी सांगत नाही.

नारायणचं घर कायमचं सुटलं होतं. हा ब्राह्मण मुलगा, आईबापाला आणि भावाला मुकलेला. संकटकाळात श्रद्धेचा आधार म्हणतात तो त्याने स्वतः आधी घेऊन पाहिला होता, हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे. पुढे तो पाळक झाला आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जालन्याला आला. आला तो उच्चवर्णीयांत वादविवाद करायला नव्हे. त्याचं काम उभं राहिलं ते मुख्यतः मांगांमध्ये. आता कल्पना करा, ज्याची सावली टाळायची असं शिकवून लहानाचा मोठा केलेला माणूस त्यांच्याच ओट्यावर बसून वाचायला शिकवतोय. पांढरं पागोटं मात्र त्याने सोडलं नाही. १८७३ साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती परिषदेत तो बोलायला उभा राहिला तेव्हाही पागोटं डोक्यावर होतं.

बेथेलसाठी जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. पैसा आला मुख्यतः स्कॉटलंडमधून. म्हणजे मुसलमान दिवाणाची जमीन, स्कॉटिश देणगीदारांचा पैसा, धर्मांतरित ब्राह्मणाचा पुढाकार आणि मांगांचे कष्ट. हे सगळं एकत्र आलं तेव्हा ही वस्ती उभी राहिली. घरं, शेती, शाळा, प्रार्थनेची जागा. आम्हाला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की या गावाला गावकूसच नव्हतं. त्यामुळे कोणी त्याच्या बाहेर नव्हतं. दुष्काळात या एका गोष्टीची किंमत किती असेल, विचार करा.

नाव तरी 'बेथेल' का? बायबलमध्ये याकोबाची गोष्ट आहे. घरातून पळालेला तरुण, रात्र झाली, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला. त्याला स्वप्न पडलं, आणि जाग आल्यावर त्याने त्या जागेला नाव दिलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. घर सुटलेल्या माणसाला उघड्या माळावर सापडलेलं घर! हे नाव नारायण शेषाद्रीला लागू पडतं आणि तिथे येऊन राहिलेल्या प्रत्येकालाच लागू पडतं.

आणखी एक गोष्ट. बायबल परदेशी ग्रंथ, तो इथल्या माणसाला जवळचा कसा वाटला, असं आम्हाला नेहमी विचारतात. अहो, तो ग्रंथ दुष्काळाने भरलेला आहे. अब्राहाम दुष्काळ पडला म्हणून मिसरला गेला. योसेफाने सात सुकाळांचं धान्य सात दुष्काळांसाठी साठवलं. मराठवाड्याच्या माणसाला हे समजवावं लागतं का? त्याने पेव पाहिलेलं असतं. एलीया ज्या विधवेकडे गेला तिच्या मडक्यात मूठभर पीठ होतं, तेवढ्यात शेवटची भाकर करून लेकरासह मरायचं तिने ठरवलं होतं. रूथची गोष्ट तर दुष्काळातल्या स्थलांतराचीच आहे आणि शेवटी ती परक्याच्या शेतात सरवा वेचते. सरवा वेचणाऱ्या बाईला ही गोष्ट परदेशी वाटणार नाही. आपल्यासारख्यांची हकीकत धर्मग्रंथात आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल!

आता अवघड प्रश्नाकडे येऊ, तो टाळून चालणार नाही. 'हे सगळे पोटासाठी ख्रिस्ती झाले' असं तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणतात. १८७६-७८ नंतर अहमदनगर भागात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे खरं आहे. भाकरीसाठी लोक आले, हेही खरं आहे. आम्ही ते नाकारत नाही. पण दोन गोष्टी विचारात घ्या. एक, उपाशी माणसाची भूक आणि श्रद्धा वेगळी करून तोलायचा अधिकार पोट भरलेल्याला कोणी दिला? आणि दुसरी, धान्य वाटप थांबल्यावर जो राहिला त्याचं काय? राहण्याची किंमत मोठी होती. गावातला वाटा गेला, जातीतली सोयरीक गेली, जत्रेतली हलगी गेली. फक्त पोटाचाच हिशेब केला असता तर ती माणसं परत गेली असती. काही गेलीही. जी राहिली त्यांना भाकरीपेक्षा वेगळं काहीतरी मिळालं होतं.

ते काय होतं, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून चांगलं कळतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं ते विद्वान कुटुंब तीर्थं, व्रतं, अनुष्ठानं करत राहिलं आणि उपासमारीने खंगत गेलं. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्तिसदन त्यातून वाढलं. म्हणजे प्रार्थना दोन्हीकडे होती. फरक असा, की पहिल्या वेळी कुटुंब एकटं होतं आणि देवाने येऊन वाचवावं याची वाट पाहत होतं. दुसऱ्या वेळी प्रार्थना करून उठल्यावर रमाबाईंनी गाडी पकडली. आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांनीच केलं असंही नाही. १८७७ साली जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी बालाश्रम काढला, तो सत्यशोधकांच्या बळावर.

बेथेलच्या श्रद्धेने पाऊस पाडला नाही. एकमेकांना सोडायचं नाही एवढा नियम मात्र लावला. दर रविवारी एकत्र बसायचं, कोण आलं नाही ते पाहायचं, त्याच्या दारात जायचं. दुष्काळात माणूस उपासाने मरतो, आणि आपल्याला कोणी विचारत नाही यानेही मरतो. या दुसऱ्या मरणावर बेथेलकडे औषध होतं.

नारायण शेषाद्री १८९१ साली परदेश दौऱ्यात, समुद्रप्रवासात वारले. आयुष्यभर घर बांधणाऱ्या माणसाला शेवटही घराबाहेरच आला.

पुढची गोष्ट गोड नाही. धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नव्हती, चर्चच्या आतसुद्धा. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्यांच्या पणजोबाने गावकुसाबाहेरून बेथेलची वाट धरली, त्यांना कागदावर अजून एक कूस भेटतं. त्यांच्यासाठी कठीण काळ १८७८ ला संपला नाही.

१९७२ चा दुष्काळ इथल्या ज्येष्ठांनी पाहिलाय, खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. २०१२-१३ तर सगळ्यांनाच आठवतं. शहराला टँकर, मोसंबीच्या बागा जळालेल्या. अशा वर्षी या जिल्ह्यात कुठे महादेव पाण्यात कोंडतात, कुठे ईदगाहवर पावसाची नमाज होते, कुठे चर्चमध्ये प्रार्थना होते. आपण कोणालाच हसायचं कारण नाही. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी : प्रार्थना झाल्यावर तुम्ही कोणाच्या दारात गेलात? बेथेलने जालन्याला दिलेला प्रश्न हाच आहे, आणि तो फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नाही.