३२९ नोंदी आणि एक शब्द

नोंदी भरपूर म्हणजे पुरावा पक्का, असं वाटतं ना तुम्हाला? मग लडाखचं हे प्रकरण बघा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवरच्या जवानांनी आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या ताबारेषा ‘ओलांडून’ आल्या म्हणे. हा शब्द लक्षात ठेवा. संशय चिनी ड्रोनचा. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं, तर निघाले गुरू आणि शुक्र! जवानांना हसू नका हं. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत ग्रह भलतेच तेजस्वी दिसतात. शिवाय पृथ्वी फिरते, म्हणून ते पूर्वेला उगवून पश्चिमेकडे सरकतात. आणि तिथे चीन पूर्वेलाच आहे.